अनुराधाच्या नावाचं कार्ड

पहिल्याच घराच्या दारातल्या बाईंनी कार्ड मशीनला लावलं, स्क्रीन वाचली आणि माझ्याकडे बघून तोंडभर हसल्या. "वेलकम, अनुराधा!"

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त रघुवीर आणि निधी होते. रघुवीर जॅकेटच्या चेनशी खेळत होता. निधी माझ्याकडे टक लावून बघत होती.

"थँक यू," मी म्हणाले आणि आत गेले.

माझं नाव कस्तुरी. अनुराधा ही रघुवीरची पहिली बायको, निधीची आई. तिला जाऊन पाच वर्षं होत आली आणि माझं रघुवीरशी लग्न होऊन दोन. इकडे इंग्लंडमध्ये जुनी घरं आणि म्युझियमं सांभाळणारी एक संस्था आहे. तिचं सभासद झालं की वर्षभर कुठेही जा, कार्ड दाखवा, आत शिरा. अनुराधाने ते कार्ड घेतलं होतं आणि दरवर्षी ते आपोआप रिन्यू होत होतं. बंद करायचं तर फोन उचलून कुणाला तरी 'ती गेली' असं सांगावं लागलं असतं. हे वाक्य रघुवीरने आजवर उच्चारलेलं मी ऐकलेलं नाही. म्हणून त्याने कार पार्कमध्ये ते कार्ड माझ्या हातात ठेवलं, "फक्त स्कॅन करतात गं," म्हणाला आणि पुढे चालू लागला.

मला राग पटकन येतो, हे माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या तिथे ते कार्ड खडीवर भिरकावून द्यावंसं वाटलं. पण निधी बघत होती, म्हणून गिळलं. दोन वर्षांत मी इतकं गिळलंय की आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसणार नाही.

मेमधली शाळेची आठवड्याची हाफ टर्मची सुट्टी होती. आमच्या रीडिंग गावाहून निघून वर मिडलंड्समध्ये जायचं आणि तीन दिवसांत पाच जुनी घरं बघायची, असा बेत होता. बेत म्हणजे अनुराधाचाच. संस्थेच्या जाडजूड पुस्तिकेत तिने बघून झालेल्या घरांपुढे बरोबरची खूण केली होती आणि राहिलेल्यांभोवती पेन्सिलीने गोल काढले होते. ती गेल्यापासून बापलेक दर सुट्टीत त्यातले दोन-चार गोल संपवत. आता शेवटचे पाच उरले होते. माझं काम गाडी चालवण्याचं, कारण रघुवीरला मोटरवेवर झोप येते.

मला मात्र या तीन दिवसांत एक गोष्ट ठरवायची होती. पुण्याच्या ऑफिसात टीम लीडची जागा मला देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. रघुवीरला मी हे सांगितलं नव्हतं. मनाशी मात्र पक्कं केलं होतं, की या दोघांच्या मध्ये मला माझी म्हणून टीचभर जागा दिसली तर राहायचं, नाहीतर सोमवारी हो कळवून मोकळं व्हायचं.

निधी अकरा वर्षांची आहे. मला ती कस्तुरी म्हणते, तेही अगदी गरज पडली तर. भांडत नाही, रुसत नाही. पाहुण्या बाईशी मुलं जशी शहाण्यासारखी वागतात, तशी माझ्याशी वागते. घरात अनुराधाचा एकही फोटो नाही. तिचे कपडे, पुस्तकं, कढया, सगळं रघुवीरने लॉफ्टमध्ये चढवून ठेवलंय. तिचं नाव कुणी घेत नाही. आणि तरी ती घरभर असते. मिसळणाचा डबा मी गॅसच्या उजवीकडे ठेवते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो डावीकडे असतो. कुणी हलवला, असं विचारायची माझी हिंमत होत नाही. मी, जी ऑफिसात मॅनेजरला तोंडावर ऐकवते, ती एका डब्याला घाबरते.

आणि बघायला आलो होतो ती घरंही तसलीच. बारा जणांचं टेबल मांडलेलं, काटे-चमचे लावलेले, मेणाची फळं ठेवलेली, आणि जेवायला कुणी नाही. चादरी ताणून बसवलेले पलंग आणि पुढे दोरी. मालक वारून दीडशे वर्षं झाली तरी त्यांचा चष्मा उघड्या पुस्तकावर. प्रत्येक खोलीत खुर्चीवर एक व्हॉलंटियर आजी किंवा आजोबा बसलेले असतात. ते अगदी हळू आवाजात सांगतात, इथे लेडी अमुक पत्रं लिहायच्या, इथे त्यांचं बाळ गेलं. शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं तसं बोलतात. दुसऱ्या घरात एका आजोबांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं, की शेवटच्या मालकांनी दुसरं लग्न केलं, पण नव्या बाईंनी पहिल्या बाईंचे पडदेसुद्धा बदलले नाहीत, म्हणूनच आज सगळं जसंच्या तसं आहे.

"बिचारी," मी मराठीतच म्हणाले. आजोबा हसून मान डोलावत राहिले. रघुवीर दुसऱ्या खोलीच्या पुढे कधी येतच नसे, त्यामुळे त्याने काही ऐकलं नाही.

दर दारात तेच. कार्ड, मशीन, "वेलकम, अनुराधा". दुसऱ्या दिवशी दुपारी चौथ्या घराच्या बागेत मागून कुणीतरी "अनुराधा!" म्हणून हाक मारली आणि मी वळलेसुद्धा. पार्किंगचं तिकीट काउंटरवर विसरले होते, ते द्यायला मुलगी धावत आली होती. त्याच घरात जिन्याच्या वळणावर एक काळवंडलेला मोठा आरसा होता. त्यात मी आणि निधी दिसलो आणि क्षणभर तिच्या शेजारची बाई मला ओळखू आली नाही. केस मानेवर अंबाड्यात बांधलेले होते. मी केस कधीच बांधत नाही. सकाळी हॉटेलात ते केव्हा आणि का बांधले, ते मला आठवेना. मी पिन काढून टाकली आणि निधी काहीतरी हरवल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली.

दारात उभं राहिलं की निधी मला अगदी चिकटून उभी राहते, हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. आधी वाटलं, गर्दी आहे म्हणून. नंतर मी तिचा चेहरा पाहिला. दारातली बाई ते नाव घेई आणि मी "थँक यू" म्हणे, तेवढा वेळ तो चेहरा उजळलेला असे. घरात पाच वर्षं कुणी न घेतलेलं नाव इथे परकी माणसं हसत हसत घेत होती आणि समोरून उत्तरही येत होतं. तेवढ्यापुरती तिची आई जिवंत असायची.

पाचवं घर विदरली कोर्ट. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे पोचलो तेव्हा भुरभुर पाऊस लागला होता. रघुवीरला ऑफिसचा कॉल आला, निदान तो तसं म्हणाला, आणि टीरूममध्ये जाऊन बसला. मी आणि निधी एकेक खोली बघत वरच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत आलो.

या घराण्यातला कुणी कर्नल दख्खनमध्ये नोकरीला होता. त्याने आणलेल्या वस्तू काचेच्या कपाटात मांडल्या होत्या. तलवारी, पानदान, अडकित्ते. खालच्या कप्प्यात निळ्या मखमलीवर अंगठ्याएवढा एक चांदीचा टाक होता. त्यावर लुगडं नेसलेली एक बाई ठोकून उठवलेली. देवघरात असतात तसाच, पण याला वर कडी होती आणि ती घासून घासून पातळ झाली होती. मला ते काय आहे हे पाहताक्षणी कळलं.

माझी मालूमावशी बिजवराला दिलेली होती. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात असाच एक टाक असायचा. ती तिची सवत. मावशीच्या लग्नाआधी वारलेली, नवऱ्याची पहिली बायको. नवी साडी आणली की मावशी आधी त्या टाकाला हळदकुंकू लावायची, साडीचा पदर त्याला टेकवायची, मग स्वतः नेसायची. जेवायला बसली की पहिला घास तिच्या नावाने काढायची. लहानपणी मला ते बघून शिसारी यायची. मेलेल्या बाईला गळ्यात बांधून कसलं फिरायचं, म्हणून मी एकदा मावशीला तावातावाने विचारलंही होतं. मावशी म्हणाली होती, "तिचंच घर आहे, मी मागून आले." मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता.

"ही कोण आहे?" निधीने काचेला नाक लावून विचारलं. "देवी आहे का?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला.

"अनुराधा?"

इथे कुणी कार्ड मागितलं नव्हतं. खाली दारात मशीन बंद पडलं होतं म्हणून आम्हाला तसंच आत सोडलं होतं. मी वळले. कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक आजी उठत होत्या. पांढरे केस, छातीवर ग्लेनिस असा बिल्ला. त्या माझ्याकडे दोन्ही हात पुढे करून आल्या.

"अनुराधाच ना? मी म्हटलं होतं तुम्हाला, तुम्ही परत याल! आणि किती छान दिसताय. तुम्ही म्हणाला होतात, आता काही पुन्हा येणं व्हायचं नाही. तेव्हापासून मी इथे येणाऱ्या प्रत्येकाला तुमची गोष्ट सांगते."

यांना सगळ्या भारतीय बायका सारख्याच दिसतात, हे माझ्या डोक्यात आलं, पण रागवायला सवड नव्हती. कारण माझ्या हातात एक हात आला होता. दोन वर्षांत पहिल्यांदा. लहान, गार आणि घट्ट.

"जस्ट से येस," निधी पुटपुटली. "प्लीज. फक्त हो म्हण ना."

मी खरं सांगते, मला हो म्हणायचं होतं. तो हात सुटू नये म्हणून मी काहीही झाले असते. कार्ड होतंच. नाव अंगवळणी पडलं होतं. केससुद्धा पुन्हा बांधले असते. एक शब्द म्हटला असता तर ही मुलगी मला बिलगली असती, आणि मला कळत होतं, की त्यानंतर कस्तुरी म्हणून या घरात कुणी उरलं नसतं. मावशीने निदान सवत गळ्यात घातली होती. मी तर अनुराधाच्या पोटातच शिरायला निघाले होते.

"नाही," मी ग्लेनिसबाईंना म्हणाले. "अनुराधा वारली. पाच वर्षं होतील आता. ही तिची मुलगी. मी कस्तुरी, तिच्यानंतर आलेली."

हात सुटला. निधी खोलीतून पळत बाहेर गेली आणि तिच्या बुटांचा आवाज लाकडी जमिनीवर लांब जात राहिला.

ग्लेनिसबाई मटकन खुर्चीत बसल्या. चारदा सॉरी म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं. ऑक्टोबरमधला दिवस होता, पाहुणे कुणी नव्हते. ती एकटीच आली, या कपाटापाशी बराच वेळ उभी राहिली आणि मग तिला चक्कर आली. यांनी तिला इथेच बसवलं, पाणी दिलं. बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांना भेटून परत चालले आहे, असं ती म्हणाली होती. बातमी चांगली नव्हती.

"तेव्हा आमच्या लेबलवर 'देवी' लिहिलेलं होतं," त्या म्हणाल्या. "ती हसली. देवी कसली, म्हणाली, ही पहिली बायको, दुसरी हिला गळ्यात घालते. मला फार विचित्र वाटलं. मी विचारलं, त्या दुसरीला नकोसं होत नसेल का?"

"मग?"

"म्हणाली, गळ्यात घातलेली बरी, नाहीतर ती घरभर फिरत बसते. म्हणाली, माझा नवरा मला खोक्यात भरून ठेवील आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. मग मी तरी काय करणार, फिरणारच. आणि जी कुणी येईल, ती बिचारी घाबरून जाईल." ग्लेनिसबाईंनी डोळे पुसले. "त्या बाईची फार काळजी करत होती. ती म्हणजे तुम्हीच की."

मी त्या कपाटाच्या काचेत बघत राहिले. काचेत माझाच चेहरा होता. माझ्या आधी इथे उभी राहून एक मरणारी बाई माझी काळजी करत होती, आणि मी दोन वर्षं तिच्या नावाने मनातल्या मनात बोटं मोडत होते. मला ती पहिल्यांदा आवडली. इतकी आवडली, की ती आता भेटणार नाही याचं मला रडू आलं.

निधी जिन्याजवळच्या खिडकीत बसली होती, पाठमोरी.

"तू हो का नाही म्हणाली?" ती इंग्रजीत सुरू झाली आणि मग मराठीत आली. "वन सेकंड लागला असता. त्या आजीला पण आनंद झाला असता."

मी तिच्या शेजारी बसले आणि ग्लेनिसबाईंनी सांगितलेलं सगळं तिला सांगितलं, एक शब्दही न वगळता. खोक्यात भरण्याचंसुद्धा. ती वळली.

"आई असं म्हणाली? रिअली? फिरत बसणार?"

"हो. आणि फिरतेच की. मिसळणाचा डबा रोज..."

"तो मी हलवते," निधी म्हणाली. "आई तिकडे ठेवायची. लेफ्टला."

मला हसावं की ओरडावं कळेना. "मग सांगायचं ना मला!"

"आपल्या घरी कोणी सांगत नाही," ती म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. शाळेचे नियम सांगावेत तसं तिने सांगितलं.

गाडीत बसल्यावर मी इंजिन सुरू न करता रघुवीरला सांगितलं. अनुराधा इथे येऊन गेली होती, हे त्याला माहीतच नव्हतं; पुस्तिकेत तिने खूण न करता गोल तसाच ठेवला होता. "त्या दिवशी उशीर झाला होता तिला," तो म्हणाला. "ट्रॅफिक लागलं म्हणाली. आणि डॉक्टर म्हणतात बरं वाटेल, असं म्हणाली." खोक्याचं वाक्य ऐकून तो एकदम मोठ्याने हसला, कारण ती अगदी अशीच बोलायची. हसता हसता त्याने डॅशबोर्डवर डोकं टेकलं आणि तो रडायला लागला. मी त्याची समजूत घातली नाही. मला त्याचा संताप आला होता आणि कीवही. दोन्ही खरं होतं. "घरी गेल्यावर तिला लॉफ्टमधून खाली आणायचं," एवढंच मी म्हणाले. त्याने मान हलवली.

वूस्टरच्या पुढे मोटरवेवरच्या सर्व्हिसेसला, म्हणजे पेट्रोल-कॉफीच्या थांब्याला थांबलो. रघुवीर तोंड धुवायला आणि कॉफी आणायला आत गेला. वायपर बंद केल्यावर काचेवरून पाणी ओघळत होतं. मागून निधीचा आवाज आला.

"तू पुण्याला जाणार?"

"तुला कसं कळलं?"

"तुझी ईमेल मी पाहिली. फोनवर. तीन वीक झाले."

"आणि तू कुणाला बोलली नाहीस?"

"आई जाणार होती, ते मला कुणी सांगितलं नाही. सगळे म्हणाले, बरी होणार. मग ती गेली." ती सीटबेल्टच्या बकलाशी चाळा करत होती. "तू पण न सांगता जाणार, असं मला वाटलं. म्हणून मी प्रॅक्टिस करत होते."

"कसली प्रॅक्टिस?"

"तू नाही, अशी."

दोन वर्षं मी ज्याला थंडपणा समजत होते, त्यातले हे शेवटचे तीन आठवडे असे होते. आणि त्याआधीचेही कदाचित असेच असतील. मी मागे वळून म्हणाले, "मी जाणार नाही, निधी."

"म्हणजे खरंच? की 'आई बरी होणार' म्हणाले तसं?"

शब्द या मुलीने पुष्कळ ऐकले होते. मी फोन काढला, पुण्याची ईमेल उघडली आणि पुढच्या दोन सीटांच्या मधून मागे धरली, तिला दिसेल अशी. ती पुढे सरकली. तिचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. मी इंग्रजीत उत्तर टाइप करायला लागले. आपल्या ऑफरबद्दल मनापासून आभार, पण मोठ्या खेदाने कळवते की मला ही जागा स्वीकारता येणार नाही.

निधीने ते ओठ हलवत वाचलं. मग बोट स्क्रीनवर ठेवलं.

"हे 'विथ ग्रेट रिग्रेट' का लिहिलं? तुला रिग्रेट आहे?"

"नाही."

"मग काढ ते."

मी ते शब्द काढले आणि ईमेल पाठवून दिली.